न्या. तेलंग : राज्यसत्ता, रूढी आणि घराचा उंबरठा

इ. स. १८७३ मध्ये मुंबईतील एका तरुणाने बर्लिनच्या जगन्मान्य संस्कृत पंडिताशी जाहीर वाद मांडला. पंडित होते आल्ब्रेख्त वेबर आणि तरुण होता काशिनाथ त्रिंबक तेलंग. वेबर यांचे म्हणणे असे, की सीतेचे हरण आणि लंकेवरील स्वारी या रामायणातील कल्पना होमरच्या महाकाव्यातून, हेलनचे हरण आणि ट्रॉयचा वेढा यांवरून उचललेल्या आहेत. पराभूत देशातील सुशिक्षितांना अशा विधानाचा संताप येणे स्वाभाविक होते. तेलंगांनी संतापाला निबंधात जागा दिली नाही. रामायणाच्या काळासंबंधी कोणते पुरावे उपलब्ध आहेत, पतंजलीच्या महाभाष्यात त्याची कोणती खूण सापडते, दोन कथांतील साम्य किती आणि भेद किती, असे एकेक कलम घेऊन त्यांनी वेबर यांचा पक्ष तपासला. बायको पळवली जाणे आणि तिच्यासाठी युद्ध होणे या गोष्टी कोणत्याही वीरयुगात घडू शकतात. तेवढ्यावरून एका राष्ट्राने दुसऱ्याची नक्कल केली असे ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ होता. पुढे दोनच वर्षांनी, भगवद्गीतेने बायबलमधून उसनवारी केली असे म्हणणाऱ्या डॉ. लोरिन्झर यांनाही त्यांनी गीतेच्या आपल्या इंग्रजी पद्यानुवादाच्या प्रस्तावनेत याच पद्धतीने उत्तर दिले.

या दोन वादांचा उल्लेख तेलंगांच्या चरित्रात विद्वत्तेचा नमुना म्हणून नेहमी होतो. त्यांचे खरे महत्त्व मात्र पद्धतीत आहे. प्राचीन ग्रीस, रोम आणि मध्ययुगीन युरोप यांच्या इतिहासाचा मोठा दबदबा त्या पिढीच्या मनावर होता. लोकशाही, कायदा, नागरिकत्व, नगरस्वातंत्र्य या साऱ्या गोष्टी पश्चिमेच्या मालकीच्या आहेत आणि पूर्वेच्या वाट्याला केवळ जुलमी राजे व अचल रूढी आल्या आहेत, असे त्या काळी पढवले जात असे. त्यावर दोन सोप्या प्रतिक्रिया शक्य होत्या. एक म्हणजे ते निमूटपणे मान्य करणे. दुसरी म्हणजे आपल्याकडे सर्व काही आधीच होते, असे ठासून सांगणे. तेलंगांनी तिसरा मार्ग धरला. पुरावा जेथपर्यंत नेईल तेथपर्यंत जायचे आणि तेथे थांबायचे. हा मार्ग त्यांना कोठपर्यंत घेऊन गेला आणि कोठे त्यांचे पाऊल अडखळले, हे पाहणे दीडशे वर्षांनंतरही उद्बोधक ठरावे.

तेलंगांचा जन्म १८५० च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईत झाला. गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील या मुलाला चुलत्यांनी दत्तक घेतले होते. मराठी शाळा, एल्फिन्स्टन हायस्कूल आणि एल्फिन्स्टन कॉलेज अशा क्रमाने त्यांचे शिक्षण झाले. विशीच्या आतबाहेर एम. ए. आणि एलएल. बी. या दोन्ही पदव्या त्यांच्या नावापुढे लागल्या आणि १८७२ पासून ते हायकोर्टात वकिली करू लागले. वकिलीचा जम बसत असतानाच भर्तृहरीच्या शतकांची आणि विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकाची चिकित्सक संस्करणे त्यांनी तयार केली. प्राच्य ग्रंथांच्या माक्स म्यूलर यांनी संपादित केलेल्या प्रसिद्ध मालेत त्यांचा गीतेचा गद्यानुवाद १८८२ मध्ये निघाला.

मुद्राराक्षसाची निवड सहज झालेली असेल. पण राज्यकारभाराच्या इतिहासात रस असणाऱ्या माणसाला याहून अधिक अनुरूप ग्रंथ त्या वेळी मिळाला नसता. कौटिल्याचे अर्थशास्त्र तोवर उजेडात आलेले नव्हते. शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी १९०५ मध्ये लागली आणि ग्रंथ १९०९ मध्ये छापला गेला. त्यामुळे ज्या चंद्रगुप्ताने सेल्यूकस या ग्रीक राजाशी तह केला आणि ज्याच्या दरबारी मेगॅस्थेनीस वकील म्हणून राहिला, त्याच्या राज्याची घडी समजून घ्यायला स्मृती, शांतिपर्व, ग्रीक लेखकांचे तुटक वृत्तांत आणि हे एक नाटक एवढीच साधने होती. मुद्राराक्षसात देव नाहीत, चमत्कार नाहीत आणि प्रेमकथाही जवळजवळ नाही. आहे ती फक्त सत्ता, हेर, निष्ठा आणि मंत्र्याची बुद्धी. भारतीय मनाला राज्यशास्त्राचे वावडे होते या समजुतीला हे नाटकच पुरेसे उत्तर होते. तेलंगांचे संस्करण १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी ते मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. जानेवारी १८८५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनमध्ये फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग ही त्रयी अग्रभागी होती. एक पारशी, एक मुसलमान आणि एक हिंदू. वर्षाच्या अखेरीस गवालिया तलावाजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा कायदे कौन्सिलांचा विस्तार करून त्यांत लोकनियुक्त सभासद घ्यावेत, हा ठराव तेलंगांनी मांडला. राज्य करणाऱ्याने रयतेच्या हिताची काळजी वाहावी एवढ्यावर जुनी राजनीती थांबत असे. राज्यकर्त्याला जाब विचारणारी सभा कायद्यानेच निर्माण व्हावी, ही मागणी त्यापुढची होती.

तथापि तेलंगांची दृष्टी केवळ वरच्या सभागृहांवर नव्हती. स्थानिक स्वराज्याचा विषय मराठी वाचकाला कळावा म्हणून त्यांनी चामर्स यांच्या इंग्रजी पुस्तकाचे मराठी भाषांतर ‘स्थानिक राज्यव्यवस्था’ या नावाने केले. हायकोर्टातील आघाडीच्या वकिलाने पॅरिश, बरो आणि कौंटी यांच्या कारभाराचे रूक्ष वर्णन मराठीत आणण्यासाठी रात्री खर्चाव्यात, यामागे निश्चित विचार असला पाहिजे. अथेन्सची लोकसभा प्रसिद्ध आहे. पण क्लायस्थेनीसने इ. स. पूर्व ५०८ च्या सुमारास जी घडी बसविली तिचा पाया खेड्यापाड्यांच्या आणि मोहल्ल्यांच्या लहान घटकांत होता. नागरिकाचे नाव प्रथम त्या घटकाच्या यादीत चढे, मग तो अथेनियन ठरे. मध्ययुगीन युरोपातही राजसत्तेला पहिला लगाम घातला तो सनदा मिळविलेल्या नगरांनी. आपल्याकडील गोतसभा आणि महजरनामे यांतही वतनाच्या व हद्दीच्या तंट्यांचा निवाडा गावकऱ्यांच्या आणि शेजारच्या पाटलांच्या साक्षीने होत असे. या सर्व संस्थांतून स्त्रिया वगळलेल्या होत्या. अथेन्समध्ये दास आणि आपल्याकडे अस्पृश्य समाज वगळलेला होता, हेही विसरून चालणार नाही. पण राज्य हाकण्याची सवय माणसाला प्रथम आपल्या गल्लीत लागते, हे तत्त्व त्या सर्वांत सारखेच आहे. १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा कौन्सिलात घडत असताना त्याला लोकाभिमुख वळण देण्यात मेहतांबरोबर तेलंगांचा वाटा मोठा होता. तोच कायदा, अनेक दुरुस्त्यांसह, आजही या शहराचा कारभार चालवतो.

तेलंगांनी मराठीत आणलेले दुसरे पुस्तक म्हणजे लेसिंग या जर्मन लेखकाचे ‘शहाणा नेथन’ हे नाटक. ते घडते बाराव्या शतकाच्या अखेरीस, धर्मयुद्धांच्या काळातील जेरुसलेममध्ये. सुलतान सलादीन, ज्यू व्यापारी नेथन आणि एक ख्रिस्ती धर्मयोद्धा ही त्यातील मुख्य पात्रे. खरा धर्म कोणता, या सुलतानाच्या प्रश्नाला नेथन तीन अंगठ्यांच्या गोष्टीने उत्तर देतो. मध्ययुग म्हणजे निव्वळ धर्मवेड अशी समजूत असताना, त्याच मध्ययुगाच्या पार्श्वभूमीवर सहिष्णुतेची सर्वांत मोठी कथा रचली गेली, ही गोष्ट तेलंगांना मोलाची वाटली असणार. मुंबईसारख्या अठरापगड शहरात राहणाऱ्या माणसाला या नाटकाचा उपयोग समजावून सांगण्याची गरज नव्हती.

येथवरचे चित्र एका यशस्वी आणि समतोल पुरुषाचे आहे. पण तेलंगांच्या आयुष्यातील खरा संघर्ष राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामधला नव्हता. तो राज्यसत्ता आणि रूढी यांच्यामधला होता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारने या बाबतीत हात घालावा काय, या प्रश्नावर सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. लगोलग गिरगावातील डॉ. सखाराम अर्जुन यांची सावत्र कन्या रखमाबाई हिचा खटला हायकोर्टात उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार दिला होता. तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. १८८५ मध्ये तिच्या बाजूने झालेला निकाल अपिलात टिकला नाही. १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. अखेर तडजोडीने प्रकरण मिटले आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या.

न्यायालयात ही बाजू मांडणारे तेलंग १८८६ मध्ये व्याख्यानाच्या मंचावर मात्र सावध होते. सामाजिक सुधारणा राजकीय सुधारणेच्या आधी झालीच पाहिजे काय, या प्रश्नाला त्यांनी नकारार्थी उत्तर दिले. सतराव्या शतकातील इंग्लंडचा आणि मराठ्यांच्या राज्याचा दाखला देऊन त्यांनी असे दाखविले, की सामाजिक दोष शिल्लक असतानाही राष्ट्रे राजकीय प्रगती करू शकतात. जेथे विरोध कमीत कमी असेल त्या दिशेने आधी पाऊल टाकावे, असा त्यांचा सल्ला होता. सल्ला व्यवहारी होता. पण तो कोणाच्या दृष्टीने व्यवहारी होता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कमीत कमी विरोधाची वाट धरणाऱ्या समाजात, ज्यांना विरोध करताच येत नाही अशांची पाळी नेहमी शेवटी येते. आठ-दहा वर्षांच्या मुलींची संघटना नसते आणि त्यांना मतही नसते.

तेलंगांना ही उणीव जाणवली नसेल असे मानण्याचे कारण नाही, कारण पुढच्या सहा वर्षांत त्यांचा अभ्यास वेगळ्या दिशेने गेलेला दिसतो. १८८९ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. वडील स्वतः आपल्या भावांसह एकत्र कुटुंबात असताना मुलाला वडिलांच्या संमतीवाचून वाटणी मागता येते काय, हा प्रश्न १८९१ च्या सुमारास पूर्ण पीठापुढे आला. बहुमताने नाही असे ठरले. तेलंगांनी एकट्याने भिन्नमत लिहिले. प्राचीन रोममध्ये बाप जिवंत असेपर्यंत मुलाच्या नावावर कायद्याने काही नसे. घरातील सर्वांवर पित्याची अनिर्बंध सत्ता चाले. मिताक्षरेने मुलाला जन्मतःच हक्क दिला. मग त्या हक्काला अर्थ उरावा अशा रीतीनेच ग्रंथ वाचला पाहिजे, अशी तेलंगांच्या मताची दिशा होती. हिंदू कायदा हा गोठलेला दगड नसून काळाबरोबर वाढत आलेली व्यवस्था आहे, ही त्यांची न्यायाधीश म्हणून धारणा होती.

संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा केले. त्यावेळी विरोधकांचा एक मुख्य मुद्दा असा होता, की या देशात राजाने धर्माचारात कधी हात घातला नाही. परक्या सरकारने तर मुळीच घालू नये. तेलंगांचा या कायद्याला पाठिंबा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी मराठ्यांच्या बखरींवरील आपला निबंध वाचला. साने, मोडक आणि चिपळूणकर यांच्या काव्येतिहाससंग्रहामुळे बखरी तेव्हा नुकत्याच छापील स्वरूपात वाचायला मिळू लागल्या होत्या. इतरांनी त्यांत लढाया वाचल्या. तेलंगांनी राज्य आणि समाज यांचा संबंध वाचला.

त्यांना आढळले ते असे. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत पंडितराव हा धर्मविषयक खात्याचा प्रधान होता. म्हणजे धर्माचार हे राज्याचे एक खाते होते. राज्याभिषेकापूर्वी, १६७४ मध्ये, महाराजांची मुंज झाली तेव्हा त्यांना मुलेबाळे होती. राज्याची गरज पडली तेव्हा शास्त्रीमंडळींनी वाट काढली. पेशवाईत वाई प्रांतातील ब्राह्मणांना मुलीच्या लग्नात पैसा घेऊ नये असा सरकारी हुकूम होता आणि घेणाऱ्याकडून दुप्पट रक्कम सरकारजमा करण्याची त्यात तरतूद होती. जातीत परत घेणे, प्रायश्चित्त देणे, बहिष्कार उठविणे अशा बाबींत सरकारचा शब्द चालत असे. ब्राह्मण तलवार हाती घेऊन सेनापती झाले, राज्याचे धनी झाले आणि धर्म बुडाला नाही. रूढी अचल आहे असे जे म्हणत, त्यांच्याच अभिमानाच्या राज्यात ती राज्यसत्तेपुढे वाकत असे. इतिहासाचा हा साक्षीपुरावा विरोधकांच्या घरातूनच आलेला असल्यामुळे त्याचे वजन मोठे होते. हा निबंध रानड्यांनी आपल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील १९०० सालच्या ग्रंथाला पुरवणी म्हणून जोडला. हा इतिहास दोघांनी मिळून लिहावयाचा बेत होता. तो तेलंगांच्या निधनामुळे अपुरा राहिला.

आणि येथेच चरित्रातील कठीण पान उलटावे लागते. बालविवाहाचे दुष्परिणाम ज्यांना पूर्ण ठाऊक होते, ज्यांनी रखमाबाईंची वकिली केली, कायद्याने यात हात घालावा हे ज्यांनी इतिहासाच्या आधारे सिद्ध केले, त्या न्यायमूर्ती तेलंगांनी आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या मुलीचे लग्न कोवळ्या वयात होऊ दिले. घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह, स्वतःची ढासळती प्रकृती अशी कारणे तेव्हाही पुढे केली गेली आणि आजही करता येतील. सुधारकांची मान खाली गेली. सनातन्यांनी टाळ्या पिटल्या. विद्यापीठाचा पहिला भारतीय कुलगुरू, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा पहिला भारतीय अध्यक्ष, हायकोर्टाचा न्यायाधीश, आणि घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र त्याचा हुकूम चालला नाही.

परशुरामभाऊ पटवर्धनांची एक कथा परंपरेने सांगतात. बालपणीच विधवा झालेल्या मुलीचा पुनर्विवाह करावा असे या पराक्रमी सरदाराच्या मनात आले, शास्त्र्यांचे मतही अनुकूल होऊ लागले. पण घरातील विरोधापुढे भाऊंनी बेत सोडला. शतकभराच्या अंतराने एका विद्वानाच्या घरी तसाच प्रसंग आला आणि शेवटही तसाच झाला. एकाजवळ फौज होती, दुसऱ्याजवळ शास्त्र व कायदा यांचे ज्ञान होते. दोन्ही अपुरी पडली.

यावरून तेलंग ढोंगी होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि त्यांची थोरवी सांगून हा प्रसंग झाकून टाकणे त्याहून सोपे आहे. दोन्ही गोष्टी त्यांच्याच पद्धतीशी प्रतारणा करणाऱ्या ठरतील. पुरावा जे सांगतो ते इतकेच, की बुद्धीला पटलेली गोष्ट घरात अमलात आणताना एकटा माणूस, कितीही मोठा असला तरी, दुबळा ठरू शकतो. म्हणूनच तर कायदा लागतो. बापाला जे स्वतःच्या बळावर नाकारता येत नाही, ते कायद्याने मना केलेले असले म्हणजे त्याला घरच्यांपुढे उभे राहायला आधार मिळतो. कमीत कमी विरोधाची वाट सुचविणाऱ्या १८८६ च्या व्याख्यानाचे खंडन तेलंगांच्या टीकाकारांपेक्षा त्यांच्या स्वतःच्या घरातील या प्रसंगाने अधिक पुरेपूर केले. मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविणारा शारदा कायदा १९२९ मध्ये आला. तोवर आणखी एक पिढी गेली.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. ‘शहाणा नेथन’ मराठीत आणणाऱ्या माणसाच्या शहरात, त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, रस्त्यावर रक्त सांडले. १ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या ४३ व्या वर्षी, तेलंगांचे निधन झाले. हायकोर्टातील त्यांच्या जागेवर रानडे आले. प्राचीन राज्यधर्म आणि व्यवहार यांचा पुरावा शोधण्याचे काम पुढे गिरगावातच राहणाऱ्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी हाती घेतले आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाच खंडांत १९६२ पर्यंत तडीस नेले. प्राचीन भारतात आजच्यासारखी पार्लमेंटे होती असे म्हणणाऱ्या उत्साही संशोधकांचा दावा काण्यांनी मान्य केला नाही. देशाभिमानासाठी पुरावा ताणायचा नाही, हा तेलंगांचाच दंडक होता.

आज ग्रीस-रोमचा दबदबा ओसरला आहे आणि आपल्याकडे सर्व काही होते हा सूर चढा झाला आहे. अशा वेळी तेलंगांची आठवण दोन कारणांसाठी उपयोगी आहे. भूतकाळ हा साक्षीदार आहे, वकील नव्हे; त्याला आपल्या बाजूने बोलायला लावण्यात पुरुषार्थ नाही, हे पहिले कारण. दुसरे अधिक निकडीचे. चांगल्या विचारांची माणसे पुरेशी नसतात. त्या विचारांना धरून ठेवणाऱ्या संस्था लागतात आणि त्या चालत्या ठेवाव्या लागतात. ज्या शहरासाठी तेलंगांनी १८८८ चा कायदा घडविण्यात भाग घेतला, त्याच शहराच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार लोकनियुक्त सभागृहावाचून प्रशासकाच्या हाती राहिला. परळ-लालबागपासून गिरगावपर्यंत रस्ते झाडले जात होते, पाणी येत होते, आणि जाब विचारायला नगरसेवक नव्हता. या गोष्टीचा फारसा गाजावाजा झाला नाही. स्थानिक राज्यव्यवस्थेवरचे पुस्तक मराठीत आणणाऱ्या न्यायमूर्तींना या शांततेची चिंता वाटली असती.